आहा नावाचं स्टेशन

शरच्चंद्रांनी छातीच्या डाव्या बाजूला हात नेला आणि वासंतीच्या काळजात धस्स झालं. गाडी नुकतीच फ्रायबुर्ग सोडून निघाली होती. काचेवर पाऊस तिरपा ओघळत होता, डब्याच्या टोकाला पट्ट्यांनी बांधलेल्या त्यांच्या दोन भाड्याच्या सायकली एकमेकींवर हलकेच आपटत होत्या. हात छातीवर क्षणभर थांबला, मग रेनकोटाच्या आत शिरला आणि तिकीट घेऊन बाहेर आला. "हे काय, इथंच तं आहे," असं म्हणत शरच्चंद्रांनी ते तपासनीस बाईपुढे धरलं. बाई हसली, तेही हसले. वासंतीनंही ओठ ताणले, पण तिचं काळीज अजून जागेवर आलं नव्हतं. त्यांच्या नखांचा रंग तिनं पाहून घेतला. गुलाबी होता. ओठ पाहिले. नेहमीसारखे. मग आपण पाहतोय हे त्यांना दिसू नये म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली, आणि काचेत त्यांचंच प्रतिबिंब दिसत होतं म्हणून तिथूनही पाहत राहिली.

ही सहल काढायचं त्यांच्याच डोक्यात आलं होतं. परदेशात गार्गीकडे, फ्रायबुर्गला येऊन त्यांना पंधरवडा होत आला होता. लेक सकाळी प्रयोगशाळेत जायची ती संध्याकाळी यायची, आणि हे दोघं तिच्या लहानशा घरात एकमेकांसमोर बसून राहायचे. एके दिवशी शरच्चंद्र नकाशा घेऊन बसले आणि एकदम म्हणाले, "वासंती, इथं आहा नावाचं स्टेशन आहे. खरंच! तळ्याच्या काठी. मले तिथं जाचं आहे." जिल्हा परिषदेच्या कचेरीत सगळा जन्म छापील मराठी बोलून काढलेला हा माणूस आनंदात किंवा रागात असला की सरळ धामणगाव बढ्याच्या बोलीत उतरायचा. गार्गी म्हणाली, आई, काही होत नाही, बॅटरीच्या सायकली मिळतात, चढ कळतही नाही, आणि डॉक्टरांनी बाबांना सायकल चालवायला सांगितलंच आहे ना? सांगितलं होतं. पण सोबत कुणीतरी असू द्या, असंही सांगितलं होतं. ते कुणीतरी म्हणजे आपण, हे वासंतीनं दवाखान्याच्या खुर्चीत बसल्याबसल्याच ओळखलं होतं.

"हे पाह्य," शरच्चंद्रांनी काचेवर बोट ठेवलं. एक लहानसं स्टेशन मागे गेलं. "हिमेलराइख. म्हणजे स्वर्गाचं राज्य, गार्गी सांगत होती. आन् आता लागते ते नरकाचं खोरं. काय लोक आहेत बाप्पा! स्वर्ग आधी, नरक मागून." दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले. काळ्याकुट्ट ओल्या झाडांच्या भिंती, मधून पांढरं धुकं, बोगद्यात शिरताना कानात दडा. त्यांचा आवाज मुलासारखा झाला होता. वासंतीला वाटलं, किती दिवसांनी. आणि लगेच वाटलं, एवढं बोलल्यानं धाप लागेल का?

आठ महिन्यांपूर्वी, त्या दिवशीही ते असंच बोलत होते. दिवाळी होऊन गेली होती. धामणगावहून दीर माणिकरावांकडचं जेवण आटोपून दोघं गाडीनं बुलढाण्याला परत निघाले होते. मोताळा मागे पडलं, राजूर घाट लागला. सागाची पानं वाळायला लागलेली, रस्त्याकडेला सीताफळांच्या रिकाम्या टोपल्या. शरच्चंद्र माणिकरावांची नक्कल करत होते आणि बोलता बोलता त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. तेवढंच. वळणाच्या अलीकडे त्यांनी गाडी नीट बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि म्हणाले, "गॅस झाला वाटते." मग त्यांचा शर्ट भिजायला लागला. वासंतीला गाडी चालवता येत नव्हती. ती रस्त्यात उभी राहून हात हलवत राहिली, दोन मोटारी न थांबता गेल्या, आणि मग कापसानं गच्च भरलेली एक पिकअप थांबली. ड्रायव्हर पोरगेला होता. "मावशी, पुढं बसवता येनार नाही त्याह्यले, आडवं पायजे," म्हणत त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं शरच्चंद्रांना उचलून वर कापसात ठेवलं. घाटभर ती त्या कापसात बसून होती, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. सरकीचा उबट वास. घामानं त्यांच्या तोंडाला कापूस चिकटत होता, मिशीला, कानाला, आणि नाकपुड्यांना. ती तो कापूस नाकावरून पुन्हा पुन्हा काढत होती. माणसाच्या नाकात कापूस कधी घालतात हे तिला ठाऊक होतं, आणि ते मनात येऊ नये म्हणून ती नखांनी तो खरवडत होती. मग एकदा एक तंतू तिनं तसाच राहू दिला. तो हलत होता. आत, बाहेर. बुलढाण्याच्या दवाखान्याच्या दारापर्यंत तिनं दुसरं काहीही पाहिलं नाही. पुढे संभाजीनगरला नेलं, स्टेंट घातला, ते बरे झाले, घरी आले, चालायला लागले. ती मात्र त्या तंतूपाशीच राहिली.

गाडी बेरेनटालला थांबली तेव्हा पाऊस बारीक झाला होता. फलाटावर ते दोघंच उतरले. अस्वलांचं खोरं असा या नावाचा अर्थ होतो, हे शरच्चंद्रांनी तिला सांगितलं आणि वर, "अस्वलं तं आपल्या बोथ्याच्या जंगलातही आहेत, त्याच्यासाठी एवढं विमानानं याची काय गरज होती," असंही म्हणाले. वासंती म्हणाली, "अहो, याच गाडीनं पुढं आहाला जाता आलं असतं. पाऊस आहे. तिथं उतरून तळ्याकाठी थोडी चालवली असती."

"मंग सायकली काऊन आणल्या? झाडाइले दाखवाले?"

तेवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन वाजला. फोन शरच्चंद्रांचा. दवाखान्यातून आल्यापासून तो तिच्याच पर्समध्ये असायचा. भेटायला येणारे आणि फोन करणारे त्यांना बोलायला लावतात, दमवतात, म्हणून तिनं तेव्हा तो आपल्याकडे घेतला होता आणि मग परत द्यायचं राहूनच गेलं होतं. फोनवर माणिकराव होते. "काऊन वैनी, दादा कसा हाय? दमून गिमून तं नाही राह्यला? गोळ्या टायमावर घेऊन राह्यला ना?" वासंती म्हणाली, बरे आहेत, घेतात वेळेवर, जेवण कमीच आहे, झोप बरी आहे. बोलताना तिचं लक्ष शरच्चंद्रांकडे होतं. ते सायकलीची सीट खालीवर करत होते, पाठ तिच्याकडे. त्यांच्याविषयीचं सगळं त्यांच्यासमोर कुणालातरी सांगून झाल्यावर तिनं फोन ठेवला. "माणिकराव होते," ती म्हणाली. "ऐकलं मी," ते म्हणाले.

वाट जंगलातून होती. रुंद, बारीक खडीची, दोन्ही बाजूंनी उंच सरळ झाडं. पाणी वरून पडत नव्हतं, झाडांवरून ठिबकत होतं. सायकली खरंच हलक्या चालत होत्या, पायडल जरा दाबलं की कुणीतरी मागून ढकलल्यासारखं व्हायचं. वासंतीला लहानपणची देऊळगावराजाची गल्ली आठवली. बालाजीच्या देवळामागे थोरल्या भावाच्या सायकलीच्या मधल्या दांडीखालून पाय घालून ती शिकली होती, आणि पहिल्यांदा तोल सांभाळला गेला तेव्हा सरळ बाजारात जाऊन धडकली होती. केवढा वेग वाटला होता तो! लग्न होऊन बुलढाण्याला आल्यावर सायकल सुटली. नोकरीची शाळा घराजवळच होती. आता पुन्हा ती तशी गळ्याशी वारा घेत चालली होती, पण तो वारा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. पुढे चाललेल्या पिवळ्या रेनकोटाच्या पाठीवर तिची नजर खिळली होती. पाठ फुगतेय, खाली जातेय. खांदे जरा जास्त वर येताहेत का? त्यांनी मान एका बाजूला केली, ती का? वळण आलं आणि पिवळा रंग झाडांआड गेला की तिचा पाय आपोआप जोरात पडायचा, आणि पुन्हा दिसला की तिच्या तोंडून श्वास सुटायचा. आठ महिने असंच चाललं होतं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला की ती दाराशी जायची. अंथरुणात ती त्यांच्याकडे पाठ करून पडायची, कारण तोंड करून पडलं तर ते विचारत, आणि पाठीनं त्यांचा श्वास ऐकत राहायची. तो लांब, सावकाश आणि थोडा घरघरता झाला की मगच तिचे डोळे मिटत. शाळेतून ती याच वर्षी निवृत्त झाली. निरोपाच्या समारंभात सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि ती दुसऱ्या रांगेत बसलेल्या शरच्चंद्रांच्या शर्टाच्या बगलेतला घाम बघत होती.

चढ संपला तिथे लाकडी छपराची एक जागा होती, आत बाक. शरच्चंद्र थांबले. उतरले. छातीभर श्वास घेतला आणि सोडला. वासंती सायकल टेकवते न टेकवते तोच तिच्या तोंडून निघून गेलं, "बसा आधी. दम लागलाय तुम्हाला."

"नाही लागला."

"चेहरा लाल झालाय."

"थंडी आहे. तुहाही झाला आहे." ते बसले नाहीत. तिनं थर्मासमधला चहा ओतला, पोळीची गुंडाळी पुढे केली, जवसाची चटणी लावलेली, गार्गीकडे येताना आणलेली चटणीची पुडी आता संपत आली होती. त्यांनी कप घेतला आणि हातात धरून उभे राहिले. धुकं खालून वर येत होतं, समोरची झाडं एकेक करून पुसत होतं.

"वासंती," ते म्हणाले, "तू मले पाहून नको राहू."

"कुठं पाहतेय?"

"गाडीत पाहून राह्यली होती. काचेत. मागून येता येताही पाहून राह्यली. पाठीले समजते ना." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तिला भीती वाटली. "मी जित्ता आहो का मेलो, हे तू दिवसभर तपासून राह्यली. सकाळी उठलो का तपासते. जेवलो का तपासते. मले तं आता असं वाटते का मी त्या घाटातच मेलो, आन् तू नुस्ती खात्री करून राह्यली."

"असं बोलू नका हो."

"आन् एक सांगतो. मी झोपत नाही रातच्याले."

वासंतीनं मान वर केली.

"तू जागी राह्यते, मले मालूम आहे. तू झोपावं म्हणून मी श्वास लांबवतो. जरासा घोरल्यासारखं करतो. मंग तू झोपते. मंग मी छताकडं पाहत पडतो." त्यांनी चहाचा कप तसाच बाकावर ठेवला. "कटाळा आला मले तुह्या भेवाचा. माह्या भेवाले तं जागाच नाही राह्यली घरात."

मग काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "चहा निवतोय." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सायकलीवर पाय टाकला, आणि "आहाले भेटू. हळूहळू ये," एवढं बोलून उतारावरून निघून गेले. पिवळा रंग धुक्यात जरा वेळ दिसला, मग पुसट झाला, मग नाहीच.

ती बसून राहिली. जाऊ दे, तिनं स्वतःला सांगितलं. जाऊ दे त्यांना. नको पाहायला. पण आपल्याला ठाऊक असलेली एकमेव खात्रीची गोष्ट खोटी होती, हे तिच्या मनात हळूहळू उतरत होतं. तो लांब, सावकाश श्वास. ज्यावर विसंबून ती रोज झोपली, तो त्यांनी तिच्यासाठी केलेला होता. मग खरा श्वास कसा असतो त्यांचा? तिनं तो कधी ऐकलाच नव्हता. आठ महिने ती ज्याची राखण करत होती तो माणूस त्याच वेळी तिचीच राखण करत होता, आणि दोघंही एका अंथरुणात, पाठीला पाठ लावून, जागे. तिला हसू यायला हवं होतं असं काहीतरी यात होतं. पण तिनं कप आवरायला पर्स उघडली आणि आत त्यांचा फोन दिसला. फोनखाली जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी. दोन्ही आपल्याजवळ. ते मोकळ्या हातांनी गेलेत.

मग तिनं कसलाही विचार केला नाही. थर्मास बाकावरच राहिला. सायकलीच्या बॅटरीचा जोर तिनं होता तेवढा वाढवला आणि उतार धरला. खडी चाकाखाली करकरत होती, धुकं तोंडावर ओल्या फडक्यासारखं येत होतं. खाली वाट फुटत होती. दोन्हीकडे पिवळ्या पाट्या, दोन्हींवर आहा. एकीवर चालणाऱ्या माणसाचं चित्र, दुसरीवर काहीच नाही. सायकलवाला कुठून जाईल? रागावलेला सायकलवाला कुठून जाईल? तिनं हाक मारली, "अहो!" जंगलानं ती गिळून टाकली. या देशात अहो या हाकेला ओ देणारा एकच माणूस आहे, आणि तो जर कुठे वळणावर सायकल नीट बाजूला घेऊन बसला असेल, गॅस झाला असं स्वतःशी म्हणत... तिनं मोठी वाट धरली. आणखी जोरात. तिच्या डोळ्यांसमोर पिवळा रेनकोट रस्त्याकडेला पडलेला दिसत होता, इतका स्पष्ट की समोरची खरी वाट तिला दिसलीच नाही. झाडाचं एक ओलं मूळ वाटेवर आडवं आलेलं होतं. पुढचं चाक त्यावरून साबणासारखं सरकलं.

आपण पडलो हे तिला जरा उशिराच कळलं. आकाश वर होतं, झाडांच्या टोकांत अडकलेलं. सायकलीचं चाक कुठेतरी टिकटिक फिरत होतं. डावं मनगट जागेवर नव्हतं असं वाटलं, पण होतं. उठावं असं तिला वाटेना. किती शांत होतं! गालाला ओला पाला लागत होता, त्याचा आंबट वास येत होता, आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा तिला तिचा स्वतःचा श्वास ऐकू आला. केवढा घाईघाईचा, उथळ. हा आपला? ती थोडा वेळ नुसती ऐकत राहिली.

मग खालच्या बाजूनं खडीचा आवाज आला. धुक्यातून पिवळा रंग वर येत होता. ती येईना म्हणून शरच्चंद्र परत फिरले होते. त्यांनी तिला पाहिलं, सायकल तशीच टाकून दिली आणि चढावरून धावत सुटले.

"धावू नका!" ती पडल्यापडल्या ओरडली. "अहो, धावू नका!"

ते धावतच आले. गुडघ्यांवर कोसळले. त्यांचे हात तिच्या डोक्यावरून, मानेवरून, खांद्यांवरून फिरत होते. "डोक्याले लागलं काय? मले पाह्य. मले पाह्य वासंती. हे किती बोटं आहेत? चक्कर येऊन राह्यली काय? बोल ना!" त्यांचा चेहरा तिच्यावर वाकलेला होता. डोळे ताणलेले, ओठ कोरडे, नजर तिच्या तोंडावर कसला तरी शोध घेत इकडून तिकडे पळणारी. असा चेहरा तिनं त्यांचा कधीच पाहिला नव्हता. घाटातसुद्धा नाही. तिच्याकडे पाहत असूनही ते तिला पाहत नव्हते, तिच्या जागी दुसरंच काहीतरी पाहत होते. तिला गुदमरल्यासारखं झालं.

"काही झालं नाही मला."

"मळमळते काय?"

"नाही."

"डोळ्यापुढं अंधारी?"

"म्हटलं ना काही नाही!" ती इतक्या जोरात बोलली की तिचाच आवाज तिला परका वाटला. परकाही नाही. ओळखीचा. न्हाणीघराच्या दाराआडून, जेवणाच्या पाटावरून, खिडकीपाशी पेपर वाचताना, हाच आवाज, हेच शब्द ती रोज ऐकत आली होती आणि उत्तर मिळालं एवढ्यावर समाधान मानत आली होती. उत्तर कसं मिळतंय हे तिनं ऐकलंच नव्हतं. हा चेहरा, आत्ता आपल्यावर वाकलेला हा भयानक चेहरा, आठ महिने रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर त्यांना दिसत आला असेल. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं उजवा हात वर करून त्यांच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"बसवा मला," ती हळू म्हणाली. "मनगट दुखावलंय तेवढं."

त्यांनी तिला बसवलं, गळ्यातला मफलर काढून हात बांधला. बांधताना ते तोंडानं श्वास घेत होते, जोरजोरात, धावून आलेल्या माणसाचा श्वास. वासंतीला तो ऐकू येत होता. ती विचारणार होती. प्रश्न जिभेच्या टोकाशी आला आणि तिथे तिनं तो दातांनी धरून ठेवला. फार कठीण होतं ते. मनगटाच्या दुखण्याहून कठीण. तिनं पर्समधून फोन काढला, गोळ्यांची पट्टी काढली आणि काही न बोलता त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन्हींकडे जरा वेळ पाहिलं, मग रेनकोटाची चेन उघडून आत टाकून दिलं.

पुढची वाट ते चालत गेले. दोन्ही सायकली शरच्चंद्रांनीच घेतल्या, एक या हाताला, एक त्या हाताला, आणि त्या सारख्या वाकड्या जात होत्या, एकमेकींत अडकत होत्या. द्या इकडे एक, असं तिच्या मनात दहादा आलं. ती बोलली नाही. पाऊस पुन्हा मोठा झाला. झाडं संपली आणि रूळ दिसले, रुळांपलीकडे पाणी. तळं केवढं होतं ते कळत नव्हतं, काठापासून थोडं पुढे ते धुकंच होऊन गेलं होतं. एक फलाट, एक निवारा, एक पाटी. पाटीवर तीनच अक्षरं. शरच्चंद्रांनी ती वाचली नाही. निवाऱ्याच्या बाकावर बसून दोघं रेनकोटातून गळणारं पाणी पाहत राहिले.

"छातीत काही नाही," शरच्चंद्र थोड्या वेळानं म्हणाले. "धाप लागली होती. गेली. तू विचारलं नाही, म्हणून सांगतो."

तिनं मान हलवली.

"घाटात," ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मले मराचं भेव नाही वाटलं तेव्हा. तू रस्त्यात उभी राहून हात हलवून राह्यली होती ना, मले काचेतून दिसत होती. मले वाटलं, हिले गाडी चालवता येत नाही. गाडी इथंच राहीन आन् हे एकटी घाटातून पायी जाईन. तेच डोक्यात. बाकी काहीच नाही." ते थांबले. "कोनाले सांगू हे? तू तं नुस्ती नखं पाहत होती माह्ये."

घाटातला तो प्रसंग वासंतीपाशी एवढा पक्का होता, एवढा तिचा होता, की त्यात काचेच्या आतून तिच्याकडे पाहणारं कुणी असेल हे तिला कधी सुचलंच नव्हतं. ती पाठमोरी, रस्त्यात, हात हलवणारी. पदर सुटलेला असेल. तिला ती बाई दिसली आणि तिची दया आली.

गाडी आली. शरच्चंद्रांनी तिला दारापाशी चढवलं आणि सायकली घेऊन डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. ती खिडकीशी बसली. मान वळवली असती तर ते दिसले असते. मनगट आता ठणकायला लागलं होतं, बोटांच्या टोकांपर्यंत, लयीत, आणि कोपरातून वर. गाडी हलली. तळं मागे सरकू लागलं. पावलं वाजली, शेजारची सीट खचली, आणि ओल्या रेनकोटाचा गारवा तिच्या दंडाला लागला. त्यांनी तिचा बांधलेला हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मफलरखाली मनगट टम्म सुजलं होतं.

"दुखते काय?"

नाही, हा शब्द तिच्या तोंडात तयारच होता. दवाखान्यात, घरी, शाळेत, माणिकरावांच्या फोनवर, गार्गीच्या फोनवर, तुम्ही कशा आहात असं चुकून कुणी विचारलंच तर तो नेहमी तयार असायचा.

"दुखतंय," ती म्हणाली. "खूप दुखतंय हो."

आणि तिला रडू फुटलं. घाटात आलं नव्हतं, संभाजीनगरच्या दवाखान्यात आलं नव्हतं, ते कुठून कुठून गोळा होऊन आलं. खांदे हलायला लागले, नाक वाहायला लागलं, हुंदक्यांचा आवाज सबंध डब्यात जाऊ लागला. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं पुस्तकातून मान वर केली आणि सभ्यपणे पुन्हा खाली घातली. तिनं मोकळ्या हातानं तोंडावर पदर घ्यायला पाहिलं, अंगावर पदर नव्हता, रेनकोट होता. शरच्चंद्रांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि ते तिच्याकडे न बघता समोर बघत बसले.

"रड," ते म्हणाले. "अजून लय स्टेशनं आहेत."